हौदापर्यंत पोचणारे पाणी

पुणे शहरास पाणी पुरवावे या हेतूने नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या डोंगरपायथ्याशी जो तलाव बांधविला, त्याचा बांध आजही पाहावयास मिळतो, आणि शेजारचे प्राणिसंग्रहालय पाहावयास आलेली मुलेमाणसे त्या पाण्याकडे कौतुकाने बघून परत जातात. परंतु त्या योजनेतील खरे कौशल्य जमिनीवर दिसणाऱ्या बांधापेक्षा जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत नेलेल्या चुनेगच्ची नळात होते. त्या नळास बेताचा उतार दिलेला होता, गाळ खाली बसण्याची सोय केलेली होती, आणि आत कोंडलेली हवा बाहेर पडावी व प्रसंगी माणसाला खाली उतरता यावे म्हणून अंतराअंतरावर उच्छ्वास बांधलेले होते. हा उतार कोठे चुकला असता, किंवा मधलाच एखादा सांधा निखळला असता, तर कात्रजला तलाव काठोकाठ भरलेला असतानाही पेठेतल्या काळ्या हौदावर घागर घेऊन आलेली बाई रिकाम्या हाताने घरी गेली असती.

सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या स्त्री-आरोग्याच्या कामाचा विचार करताना हा नळ मला वारंवार आठवतो. अनुदान हा या कामातील तलाव होय. ते केंद्र सरकारच्या तिजोरीतून येवो, राज्याच्या अंदाजपत्रकातून येवो, अथवा एखाद्या परदेशी धर्मादाय निधीतून येवो, त्याच्या मंजुरीचा हुकूम निघाला म्हणजे पाणी साठले, एवढेच म्हणता येते. ज्या बाईसाठी ते साठविले तिच्या घागरीत ते पडावयाचे, तर मध्ये निदान सात-आठ माणसांनी आपापला सांधा शेजारच्या सांध्याशी नीट जुळवून ठेवलेला असला पाहिजे. पैशाची तजवीज होऊनही जेथे काम फसते, तेथे प्रत्येक वेळी कोणी तरी कामचुकार निघतोच असे नाही. पुष्कळदा दोन कर्तव्यदक्ष माणसांच्या मध्ये जी जागा कोणाच्याच ताब्यात नसते, त्या जागेत रुग्ण हरवतो.

कात्रजमध्ये ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी पेठांत दिसत नाही. साताऱ्याकडून घाट उतरून येणाऱ्यास शहराची पहिली ओळख येथे होते, आणि म्हणूनच पोटासाठी गाव सोडून निघालेल्या कुटुंबांचा पहिला मुक्कामही पुष्कळदा येथेच पडतो. कात्रज हे १९९७ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. घाटाच्या पायथ्याची भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावे २०२१ साली आली. हद्द बदलली की दप्तर बदलते, दप्तराबरोबर जबाबदार अधिकारी बदलतो, आणि जे काम काल जिल्हा परिषदेच्या खाती होते ते आज महापालिकेच्या खाती जमा होते. गरोदर बाईचे दिवस मात्र कोणत्याही हस्तांतरणासाठी खोळंबून राहत नाहीत. संतोषनगर, सुखसागरनगर यांसारख्या दाट वस्त्यांतून आणि नव्या इमारतींच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या खोल्यांतून ज्या बाया राहतात, त्यांच्यापैकी कित्येकींचे शिधापत्रक नांदेडचे, मतदान लातूरला, माहेर परभणीकडे आणि बाळंतपण पुण्यात, अशी स्थिती असते. शाहिस्तेखानाच्या फौजेला चकविण्यासाठी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून घाटात सोडल्याच्या कथेवरून ‘कात्रजचा घाट दाखविणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठविल्या जाणाऱ्या गरीब रुग्णाच्या वाट्याला नेमके हेच येते. फरक इतकाच की तिला चकविण्याचा हेतू कोणाच्याही मनात नसतो.

या बायांसाठी योजनेची कागदावरील आखणी वाईट नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानुसार साधारण ५० हजार लोकसंख्येस एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, सुमारे १० हजारांस एक प्रसाविका परिचारिका, २०० ते ५०० घरांस एक ‘आशा’ स्वयंसेविका, आणि ५० ते १०० घरांमागे वस्तीतील बायांचीच एक महिला आरोग्य समिती, अशी योजना आहे. खर्चाचा वाटा महाराष्ट्रात केंद्राचा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. महिला आरोग्य समितीला वर्षाला ५ हजार रुपयांचा असा निधी मुक्रर केलेला आहे की, जो वस्तीच्या आरोग्यासाठी कशावर खर्च करावा हे समितीनेच ठरवावयाचे. याखेरीज दारिद्र्यरेषेखालील व अनुसूचित जाती-जमातींतील बाईस शहरी भागात दवाखान्यातील बाळंतपणानंतर जननी सुरक्षा योजनेचे ६०० रुपये, पहिल्या अपत्याच्या वेळी मातृवंदना योजनेचे ५ हजार रुपये, २०११ पासून सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, औषधे, तपासण्या व वाहन निःशुल्क, आणि २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून खास तपासणी, इतक्या तरतुदी आहेत.

आता या आखणीतून एक बाई जाताना कशी दिसते ते पाहू. कोण्या एकीची ही हकीकत नव्हे. या कामात वावरणाऱ्या कोणाही आशाताईने ऐकली तर ‘ही तर आमच्या वस्तीतलीच’ असे ती म्हणेल, इतकी ती सर्वांची आहे. बाई बांधकामावर बिगारी काम करते, दुसऱ्यांदा गरोदर आहे, आणि पाचवा महिना लागेपर्यंत तिचे नाव कोणत्याच नोंदवहीत चढलेले नाही. आशाताई दुपारच्या जेवणाच्या सुटीत पत्र्याच्या खोलीशी येते. उभ्याउभ्या न विचारता खाली बसते, आणि गप्पांच्या ओघात शेवटची पाळी कधी आली होती ते काढून घेते. लोहाच्या लाल गोळ्या पहिल्या खेपेस मिळाल्या होत्या का, असे विचारल्यावर बाई हसून पिठाच्या डब्यामागून न उघडलेल्या पट्ट्या काढून दाखविते. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, आणि सासूबाईंचे म्हणणे असे की त्या गोळ्यांनी पोटातले मूल फार मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते. सरकारी हिशेबात या गोळ्या ‘वाटप झाल्या’ या सदरात केव्हाच जमा झालेल्या असतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आहेत, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. त्या आकड्यामागे पिठाच्या डब्यामागची ही पट्टी आहे, हे आकडा वाचणाऱ्याने विसरू नये.

येथून पुढे एकेक सांधा येतो. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, काळे होणे अपायकारक नाही, हे आशाताई सांगेल. पण सासूबाईंचे मन वळावयाचे तर समितीतील एखाद्या वडीलधाऱ्या बाईनेच, आपल्या सुनेचा दाखला देऊन, ते सांगितले पाहिजे. रक्तदाब सिस्टर मोजील, रक्त प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ तपासील. परंतु हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली आले, म्हणजेच जिवास धोका आहे, तर तो निकाल केसपेपराला टाचून फाइलीत न ठेवता त्याच दिवशी सिस्टरच्या कानावर घातला पाहिजे. डॉक्टर मोठ्या रुग्णालयात जाण्याविषयी चिठ्ठी देतील. पण बाईचा एक दिवसाचा रोज बुडणार, थोरल्या मुलाला कोण सांभाळणार, आणि त्या मोठ्या इमारतीत कोणत्या खिडकीशी उभे राहावयाचे हे तिला कोण सांगणार, या तीन प्रश्नांची उत्तरे चिठ्ठीवर लिहिलेली नसतात. ती उत्तरे ज्या केंद्रात एकत्र बसून शोधली जातात, तेथील बाई रुग्णालयात पोचते. जेथे चिठ्ठी हातात ठेवली म्हणजे आपले काम संपले असे मानले जाते, तेथे तीच चिठ्ठी घडी घालून पिठाच्या डब्यामागे जाते.

स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होण्याचे एक कारण असे की, तिचे पुष्कळसे दुखणे तिने स्वतःच बोलावयाचे नाही, असा आपल्या समाजाचा जुना शिरस्ता आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा या मौनाची खोली जगास प्रथम कळली. त्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही विकार होता, आणि पूर्वी कधी तरी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास हे सारे बाईच्या जातीला असावयाचेच, असे धरून चाललेल्या बायांना तपासणीच्या टेबलापर्यंत आणणे हे एकट्या डॉक्टरच्या आटोक्यातील काम नव्हते; तेथे गावातील सुइणींचा आणि बायांचा विश्वास आधी मिळवावा लागला. हा विश्वास जेथे नसतो तेथे काय होते, याचे उदाहरणही दूर नाही. ऊसतोडणीस जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी बोभाटा झाल्यावर २०१९ साली राज्य शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. वेळेवर साधी तपासणी करणारा हात जवळ नसला, म्हणजे शेवटी सुरी जवळची वाटू लागते.

याउलट अनुदान, विद्वत्ता आणि गावपातळीवरील कष्ट ही तिन्ही एका नळात वाहू लागली म्हणजे काय साधते, त्याचा सर्वांत ठळक दाखला आपल्याच मराठवाड्याच्या सीमेवर घडला आहे. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ च्या अखेरीस गर्भाशयमुखाच्या, बायांच्या भाषेत पिशवीच्या तोंडाच्या, कर्करोगासंबंधी एक विशाल अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियॉं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो हाती घेतला; पैसा बिल व मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानच्या अनुदानातून आला. गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची त्यात नोंद झाली, आणि या गटांची चार भागांत विभागणी करण्यात आली. एका भागात विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, चाचणी. दुसऱ्यात पेशींची चाचणी. तिसऱ्यात पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ आपला शिरकाच, लावून डोळ्यांनी पाहण्याची चाचणी. आणि चौथ्या भागात नित्याची व्यवस्था होती तीच.

या कामाचा विस्तार ध्यानात घेतला पाहिजे. घरोघर जाऊन वयाची व नावाची यादी करणाऱ्या कार्यकर्त्या, तपासणी व नमुने घेणाऱ्या परिचारिका, ते नमुने तपासणारी प्रयोगशाळा, दोष आढळल्यास पुढील तपासणी व उपचार करणारे डॉक्टर, आणि वर्षानुवर्षे कोणत्या गावी कोणास कर्करोग झाला व कोण दगावले याची नोंद ठेवणारे कारकून, अशी ही साखळी होती. बार्शी येथे १९८७ पासूनच ग्रामीण कर्करोग नोंदणीचे दप्तर चाललेले होते, म्हणून या भागातील रोगाची मोजणी हवेत राहिली नाही. नमुना घेतला आणि निकाल गावी परत गेला नाही, किंवा निकाल गेला आणि बाई उपचारास आली नाही, तर त्या साऱ्या खर्चाचे मोल शून्य झाले असते. सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जो निष्कर्ष आला, तो असा : विषाणूचाचणीसाठी निवडलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, नित्याची व्यवस्था असलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. पुढच्या अवस्थेस पोचलेला कर्करोग पहिल्या गटात ३९ स्त्रियांना आढळला, दुसऱ्यात ८२ जणींना. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

चौथ्या भागातील बायांना चाचणी का देण्यात आली नाही, असा नैतिक आक्षेप या अभ्यासावर पुढे घेतला गेला, आणि तो गंभीर आहे. जे मृत्यू आपण तुलनेसाठी मोजतो ते कोणाच्या तरी आईचे, कोणाच्या तरी लेकीचे असतात. त्या बायांचे ऋण फेडावयाचे असेल तर जे ज्ञान त्यांच्यामुळे हाती आले ते प्रत्येक वस्तीपर्यंत पोचविले पाहिजे. त्या ज्ञानाचा दुसरा धडा मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून मिळाला. तेथे टाटा स्मारक केंद्राने सुमारे दीड लाख स्त्रियांत केलेल्या अभ्यासात, चार आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हीच शिरक्याची साधी चाचणी केली, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत एकवार केलेल्या याच चाचणीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नव्हती. पुन्हा पुन्हा त्याच दारी जाणे, त्याच बाईची त्याच आपुलकीने चौकशी करणे, याला किती महत्त्व आहे ते या दोन अनुभवांवरून उमगते.

पुण्याला ही वाट नवी नाही. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन स्थापन झाले, आणि त्या संस्थेने ससून रुग्णालयाच्या सहकार्याने परिचारिकांच्या शिक्षणास हात घातला; त्या काळी परक्या रुग्णाची शुश्रूषा करणे हे कुलीन स्त्रीला, त्यातही विधवेला, शोभत नाही असे मानले जाई. सरकारी रुग्णालयाकडे खाटा व डॉक्टर होते. संस्थेकडे समाजाचा विश्वास आणि शिकावयास तयार असलेल्या मुली होत्या. दोघांपैकी एकट्याने ते काम झाले नसते. पुढे डॉ. बानूबाई कोयाजी यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे काम वढूसारख्या खेड्यापर्यंत नेले, तेव्हाही रुग्णालयाच्या आणि गावच्या माणसांची सांगड हेच त्याचे बळ होते.

मग कात्रजसारख्या ठिकाणी काय हवे? याचे उत्तर मोठ्या शब्दांत देण्याची गरज नाही. प्रत्येक गरोदर किंवा संशयित रुग्ण बाईच्या नावापुढे, पुढची पायरी कोणाची, त्या माणसाचे नाव लिहिलेले असावे. ‘केंद्राने करावे’ असे लिहिल्यास ते कोणीच करीत नाही. मोठ्या रुग्णालयात पाठविलेल्या बाईचे पुढे काय झाले, याची उलट चिठ्ठी केंद्रावर परत यावी, आणि ती आली नाही तर आठवड्याच्या आत कोणी तरी बाईच्या दारी जावे. आठवड्यातून एकदा डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ, औषधनिर्माता, नोंदणी कारकून आणि आशाताई यांनी एका सतरंजीवर बसून, आकड्यांचा आढावा नंतर ठेवून, हरवलेल्या बायांची नावे आधी वाचावीत. आणि त्या बैठकीत आशाताईचे म्हणणे शेवटी नव्हे, प्रथम ऐकले जावे. कारण मुकादमाने टोळी दुसऱ्या साइटवर हलविली ही बातमी तिला ठाऊक असते, संगणकाला नसते. समितीच्या ५ हजार रुपयांतून एखाद्या बाईच्या रिक्षाचे भाडे रात्री-अपरात्री देता येते. परंतु ते देण्याचा ठराव आधी झालेला, खात्यावर सह्या करणाऱ्या दोघी ठरलेल्या, आणि जमाखर्च स्वच्छ लिहिलेला असला तरच ते पैसे त्या रात्री हाताशी येतात. हिशेबाची शिस्त आणि मनाची माया यांत विरोध आहे असे मानणाऱ्याने ती रात्र डोळ्यांपुढे आणावी.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. या साऱ्या नळात सर्वांत खोल उतरणारी जी व्यक्ती, ती आशाताई, सरकारी दप्तरात अद्याप स्वयंसेविका आहे. तिला नियमित वेतन नसून मोबदला आहे, आणि तो वाढावा व वेळेवर मिळावा म्हणून महाराष्ट्रातील आशांना वेळोवेळी संपावर जावे लागले आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील लाखो आशांचा जागतिक सन्मान केला, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु सन्मानपत्राने चूल पेटत नाही. ज्या अनुदानाचा यशापयश-अहवाल तिच्या नोंदवहीवर उभा राहतो, त्या अनुदानात तिच्या चरितार्थाची तरतूद तुटपुंजी असावी, हा या रचनेतील मोठा दोष आहे, आणि कोणत्याही सहकार्याची भाषा बोलण्यापूर्वी तो दूर होणे न्यायाचे आहे. एकत्र काम करा असा उपदेश ज्यांना केला जातो, त्यांच्यातील सर्वांत गरिबाने बाकीच्यांच्या यशाचा भार फुकट वाहावा, याला सहकार्य म्हणता येत नाही.

महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, आणि संपूर्ण भारताचे ९७. तलाव बांधणाऱ्यांनी आणि नळ जुळविणाऱ्यांनी मिळून येथवर मजल मारली आहे. जे ३३ उरले, त्यांच्यातील पुष्कळ मृत्यू शेवटच्या हौदापाशी, म्हणजे पत्र्याच्या खोलीत, शिधापत्रक दुसऱ्या जिल्ह्यात असलेल्या बाईच्या दारात, घडत असावेत असे मानण्यास जागा आहे. आणि तेथे पोचणारे पाणी नव्या तलावाने वाढणार नाही, निखळलेला सांधा शोधण्यासाठी उच्छ्वासातून कोणी तरी खाली उतरल्यानेच वाढेल.

कात्रजचा नळ कोणी बांधविला ते इतिहासात नोंदलेले आहे. पुढील दीड-दोन शतके त्यात उतरून गाळ काढणाऱ्या, फुटका चुना बदलणाऱ्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत; पण हौदावर पाणी येत राहिले ते त्यांच्यामुळे. पिठाच्या डब्यामागची पट्टी पुढच्या खेपेस अर्धी रिकामी झालेली दिसली, म्हणजे आशाताई आपल्या वहीत त्या नावापुढे एक लहानशी खूण करते आणि पुढच्या खोलीकडे वळते. ती खूण कोणत्याही अहवालात स्वतंत्रपणे छापली जात नाही. आपण मात्र ती वाचावयास शिकले पाहिजे.